साडूंची पाठ

देवाने माणसाला पाठ कशासाठी दिली, या प्रश्नाचं खात्रीलायक उत्तर अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकट्या माझ्या साडूंकडे होतं. आपण सामान्य माणसं पाठ टेकतो, पाठ फिरवतो, लहानपणी पाठीत धपाटे खातो. साडूंच्या मते हा सगळा दुरुपयोग. एवढी रुंद, सपाट आणि एरवी कुणाच्या कामाला न येणारी जागा देवाने राखून ठेवली ती एवढ्याचसाठी, की जगातल्या कुठल्या रसायनाने कातडीला किती खाज सुटते हे माणसाला निवांतपणे तपासता यावं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भिवंडीत धामणकर नाक्यापासून थोडं आत कापड रंगवण्याचा कारखाना होता, त्याला तिकडे ‘प्रोसेस’ म्हणतात. तिथे ते केमिस्ट होते. पगार रंग जुळवण्याचा मिळायचा, पण जीव रमायचा तो खाजेत.

त्यांची रीत अशी. टीपकागदाच्या बोटाच्या पेरायेवढ्या चकत्या कापायच्या, एकेकीवर एकेक रसायन अगदी पातळ करून टाकायचं आणि चकत्या ओळीने पाठीवर पट्टीने चिकटवायच्या. दोन दिवसांनी पट्ट्या काढून बघायचं, मग आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. मधल्या काळात पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही आणि मुख्य म्हणजे खाजवायचं नाही. लोडशेडिंगने पंखे बंद पडलेल्या भिवंडीत, मे महिन्यात, हे व्रत पाळणाऱ्याला मी तरी नमस्कारच करीन. आता पाठीची अडचण अशी, की ती ज्याची त्याला दिसत नाही. त्यामुळे चकत्या चिकटवणं, भोवती चौकोन आखणं, आकडे घालणं आणि निकाल वाचणं ही सगळी खाती ताईंकडे होती. ताई म्हणजे माझी मेव्हणी. बायको ताई म्हणते म्हणून मीही ताईच म्हणायचो. कापडाच्या ताग्यांवर नंबर घालायचं न पुसणारं निळं पेन प्रोसेसमधून आणलेलं असायचं (त्या शाईची परीक्षा साडूंनी सगळ्यांत आधी घेतली होती). मान खाली घालून, चष्मा नाकावर आणून ताई एक ते दहा आकडे काढायच्या. त्यातला सात नेमका मणक्याच्या उंचवट्यावर यायचा, म्हणून तो कायम वाकडा. “सात नीट काढ, एकासारखा दिसतो,” साडू भिंतीकडे तोंड करून सांगायचे. “तुमाला पाठीमागं डोळं हायती काय?” ताई विचारायच्या. हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय, की तो त्यांच्या लग्नातला मंत्रच असावा असं मला वाटायचं.

चहाला गेलेल्या माणसाला साडू ज्ञान दिल्याशिवाय सोडत नसत. “मिरची सगळ्यांना झोंबते,” ते सांगायचे, “तिला माणसं कळत नाहीत. ॲलर्जीला माणूस कळतो. पहिल्या भेटीत कातडी काही बोलत नाही, नुसती ओळख करून घेते. मग पुन्हा कधी तीच वस्तू दारात आली, की ओळखते आणि भडकते. एकदा ओळखलं की मरेपर्यंत विसरत नाही.” मी भूगोलाचा मास्तर, मला शंका काढायची सवय. मी म्हटलं, “पण माणसाची कातडी महिन्याभरात गळून नवी येते म्हणून तुम्हीच सांगितलंत. मग लक्षात ठेवतं कोण?” साडू खूश होऊन म्हणाले, “ते आत राहतं, साडूभाऊ. वरचं जातं, आतलं राहतं.” रसायनाची ताकद मोजायची ती आग किती होते यावरून नव्हे, तर किती थोडक्यात कातडी जागी होते यावरून, हे त्यांचं मुख्य तत्त्व. बादलीभर लागलं तर ते रसायन ‘गरीब’. वाटीभर लागलं तर ‘खोडकर’. चमचाभरात काम झालं तर ‘द्वाड’, आणि नुसत्या थेंबाच्या वासाने कातडी उठली तर ‘जहाल’. पुढे पुढे हीच मापं ते माणसांनाही लावू लागले. मला त्यांनी ‘गरीब’मध्ये टाकलं होतं, याचा मला बरेच दिवस राग होता. सासरे मात्र एकमताने जहाल.

परदेशात ही ताकद उंदराच्या कानाला रसायन लावून मोजतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी म्हटलं, मग तुम्हीही उंदीर का नाही धरत, भिवंडीत उंदरांचा काय तोटा? “भिवंडीच्या उंदराला काय होणार आहे?” साडू हताशपणे म्हणाले. “तो सुताची खळ खाऊन वाढलेला. त्याला गंधकाचं आम्ल पाजलं तरी ढेकर देईल.” मग एकदा त्यांनी गिनिपिग आणायची गोष्ट काढली. ताईंनी भाकरी थापता थापता वरसुद्धा न बघता सांगितलं, “घरात एक हाय तेवढा पुरे.”

या छंदाचा पहिला जाहीर कार्यक्रम पडघ्याला झाला. तिथे आमची दोघांची सासुरवाडी. सासऱ्यांनी सत्यनारायण घातला आणि पूजेला थोरल्या जावयाला बसवलं. आता पूजेला बसायचं म्हणजे सोवळं नेसून उघड्या अंगाने. साडू पाटावर बसले आणि मागे बसलेल्या साऱ्या भावकीला त्यांच्या पाठीवरचे ते निळे चौकोन आणि आकडे दिसले. दोन चौकोन लाल होऊन फुगलेलेही होते. पहिल्या अध्यायाला कुजबुज होती, दुसऱ्याला गलका झाला. सासूबाई पुढे आल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, “आरं देवा! जावयाच्या पाठीवर कोनी यंतर काडलंय? करनी-बिरनी तर न्हाय ना ही?” भटजी पोथी मिटून यंत्राची बेरीज करू लागले, सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला धावल्या, आणि साडू पाटावरून न हलता ओरडले, “मोहरी पाठीपासून लांब ठेवा! निकाल बिघडेल!” ताई पदर तोंडाला लावून आत पळाल्या त्या प्रसादापर्यंत बाहेर आल्याच नाहीत. हसू आवरत नव्हतं त्यांना. परतीच्या टमटममध्येसुद्धा मधूनच फसकन हसायच्या आणि साडू गंभीर चेहऱ्याने बाहेर ट्रका बघत बसायचे.

पण हे वेड नुसतं वेड नव्हतं, हेही सांगायला हवं. प्रोसेसमध्ये कापडाच्या घड्या घालणाऱ्या एका कामगाराचे हात असे काही फुटले, की बिचारा काम सोडून मुलखाला निघून गेला. तिथून साडूंना हा नाद लागला. त्यांच्या पाठीने एका निळ्या रंगाला ‘जहाल’ ठरवलं आणि त्यांनी शेठना तो बंद करायला सांगितलं. शेठ पिढ्यानपिढ्या भिवंडीतले, मनाने दिलदार पण धंद्याला पक्के. ते म्हणाले, “केमिस्ट साहेब, हा निळा बाजारात चालतोय. तुमच्या एका पाठीसाठी बंद करू? लगाओ मेरे हाथ पे. कुछ हुआ तो बंद.” साडू परोपरीने सांगत होते, की शेठ, पहिल्यांदा काही दिसणार नाही, कातडी फक्त ओळख करून घेते, हे करू नका. शेठनी ऐकलं नाही, स्वतःच चिंधी भिजवून बांधली. काही झालं नाही. शेठ तो हात साऱ्या खात्यांतून मिरवून आले. पुढे काही आठवड्यांनी ते एका शादीला नवी शेरवानी घालून गेले. तिचं अस्तर त्याच निळ्याचं होतं, आपल्याच प्रोसेसमधलं. दुसऱ्या दिवशी मान, काखा, कंबर सगळं टरारून फुगलेलं घेऊन शेठ आले आणि दारातूनच म्हणाले, “बंद करो, साहब, बंद करो!”

निळा बंद झाला. कामगारांनी पेढे वाटले. साडू मात्र पेढा हातात धरून बसून राहिले. “त्यांच्या अंगात ती ओळख आता कायमची बसली,” ते मला म्हणाले. “माझ्यादेखत बसली. मी हात धरायला हवा होता.” त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला: यापुढे परीक्षा घ्यायची ती स्वतःच्या पाठीवर, दुसऱ्याच्या कातडीला हात लावायचा नाही.

आणि मग ताईंचं कपाळ बिघडलं. टिकली-कुंकवाच्या जागी आधी खाज, मग लाल चट्टा, मग त्याची कड पांढरी पडू लागली. कल्याणच्या कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कपाळाला काही लावायचं नाही. डॉक्टरांचं बरोबरच होतं. पण ताई पडघ्याच्या शेतकरी घरातल्या, रुपयायेवढं कुंकू लावणाऱ्या. उघड्या कपाळाने दारात जायचं त्यांना जमेना. भाजीवाली आली तरी साडूंनाच पुढे करायच्या. संक्रांतीची हळदीकुंकवाची बोलावणी आली, तर त्यांनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, प्रत्येक घरी. पूजेच्या दिवशी पदराआड हसणारी बाई ती, दुपारभर नुसती खिडकीशी बसून राहायची. आमची ही तिकडून आली की रात्री जेवत नसे.

साडूंनी लगेच कामाला सुरुवात केली. नाक्यावरच्या दुकानातलं कुंकू, देवळाबाहेरचं कुंकू, टिकल्यांची पाकिटं, त्यांच्या मागचा गोंद वेगळा खरवडून, सगळं त्यांच्या पाठीवर गेलं. पन्नासेक बायकांचा शृंगार ते सदऱ्याखाली बाळगून प्रोसेसला जायचे. आणि त्यांच्या पाठीला काही म्हणजे काही झालं नाही. वर्षानुवर्षं रसायनं चाखलेली ती पाठ कुंकवाला भीक घालीना. मी म्हटलं, “अहो, कपाळ त्यांचं आणि पाठ तुमची, हा काय प्रयोग झाला? ओळख त्यांच्या कातडीला झालीय. विचारायचं तर तिलाच विचारलं पाहिजे.” हे काय त्यांना कळत नव्हतं? दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला उंटावरचा शहाणा म्हटलं असतं. पण ते म्हणाले, हवा दमट आहे, जरा कोरडी होऊ दे. हवा कोरडी झाली तेव्हा म्हणाले, टीपकागद चांगला मिळत नाही. मी कागद आणून दिला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला ‘गरीब’मधून थेट ‘द्वाड’मध्ये बढती मिळाली असावी. भीती त्यांना एकाच गोष्टीची होती. आपल्या हाताने ताईंच्या अंगावर चट्टा उठायचा.

शेवटी एका रविवारी आम्ही दोघं तिथे असतानाच ताई पाठमोऱ्या होऊन साडूंपुढे बसल्या. म्हणाल्या, “येवढी वरसं तुमची पाठ मी वाचली. आता माजी तुमी वाचा.” आम्ही बाहेरच्या खोलीत आलो. मग आतून ताईंचा आवाज आला, “आवो, पट्टी लावताय का गुदगुल्या करताय?” पुढचे चार दिवस साडूंनी रजा घेतली. ताईंच्या पाठीला खाज सुटली, की हे पुठ्ठ्याने वारा घालायचे आणि स्वतःचीच पाठ दाराच्या कडेला घासायचे, असं आमच्या हिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. निकाल लागला तो असा: टिकलीचा गोंद जहाल, बाजारच्या कुंकवातला लाल रंग द्वाड, आणि घरच्या हळदीचा चौकोन स्वच्छ.

मग त्या घरात जे सुरू झालं त्याला कुंकवाचा कारखाना हाच शब्द. पडघ्याहून हळकुंडं आली. लिंबाच्या रसात टाकणखार घालून ती भिजवायची, वाळवायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. पूर्वीच्या बायका करायच्या तीच रीत, पण साडूंनी तिचे इतके प्रकार केले, की गच्चीवर पापड-कुरडयांना जागा उरली नाही. प्रत्येक प्रकार आधी त्यांच्या पाठीवर, मग ताईंच्या कोपराच्या आतल्या बाजूला, कणभर. साऱ्या बिल्डिंगला लिंबू मिळेनासं झालं. पहिलं कुंकू विटेसारखं निघालं. दुसरं काळपट. ताई म्हणायच्या, “ह्ये लावून मी भायेर गेले तर लोकं मलाच नवस बोलतील.” वर्ष गेलं त्यात. पण एक दिवस आम्ही गेलो तर दार उघडायला ताई आल्या, आणि कपाळावर रुपयायेवढं कुंकू होतं. लाल नव्हतं, थोडं तपकिरीकडे झुकणारं होतं. कसं दिसतंय म्हणून त्यांनी विचारलं. मागून साडू म्हणाले, “अजून दोन महिने निरीक्षण चालू आहे.”

पुढच्या संक्रांतीला ताई हळदीकुंकवाला निघाल्या त्या हातात स्टीलची छोटी डबी घेऊन. आता हळदीकुंकवात कुंकू घरची सवाष्ण लावते. तिच्या करंड्यातलं न घेता आपली डबी पुढे करायची म्हणजे तिच्या कुंकवात बिब्बा घालण्यासारखंच. ताई संकोचतील, नाही म्हणणार नाहीत, आणि सगळं मुसळ केरात जाईल, या धास्तीने साडू मागोमाग गेले. पुरुषमाणसाला आत प्रवेश नाही. तेव्हा ते जिन्यात उभे राहिले आणि दाराच्या फटीतून ओरडत राहिले, “आमचीच डबी वापरा हो! आमचंच लावा!” त्या संक्रांतीला धामणकर नाक्याच्या आसपास जेवढी घरं झाली, तेवढ्या जिन्यांत ते उभे होते. बायका आधी रुसल्या, मग हसल्या, आणि शेवटी शेवटी तर यजमानीण दार उघडतानाच म्हणायची, “आलात का भाऊ? वाण तुम्हालाही देऊ का?” एका घरातून त्यांना खरोखरच प्लास्टिकचं गाळणं मिळालं. ते त्यांनी बरीच वर्षं वापरलं.

पुढे काही वर्षांनी, भिवंडीजवळ मानकोलीला गोदामांवर गोदामं उभी राहत होती, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी ताई भांडी आवरता आवरता बसल्या आणि तशाच गेल्या. हृदय म्हणाले डॉक्टर. आधी कधी छातीत दुखल्याचंही कुणाला आठवेना. आम्ही पोचलो तेव्हा साडू भिंतीला टेकून बसले होते. बायकांनी ताईंना हिरवं लुगडं नेसवलं. सवाष्ण गेली म्हणजे कपाळभर कुंकवाचा मळवट भरतात, म्हणून कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून कुंकवाचा मोठा पुडा आणला होता. तो फोडल्याचा आवाज झाला मात्र, साडू उठले. आत गेले आणि स्टीलची डबी घेऊन आले.

“ते नको,” ते म्हणाले. “तिला चालत नाही. आमचंच लावा.”

जिन्यात ओरडायचे तेच शब्द, पण इतके हळू, की पुढच्या दोघीतिघींनाच ऐकू गेले. एक म्हातारी मायेने म्हणाली, “भाऊ, आता काय व्हनार हाय रं तिला?”

“मला ठाऊक आहे,” साडू म्हणाले. त्या खोलीत ते सगळ्यांत जास्त त्यांनाच ठाऊक होतं. तरी डबी धरलेला हात पुढेच राहिला. म्हातारीने पुडा खाली ठेवला आणि डबी घेतली. डबीत रोजच्यापुरतंच कुंकू होतं, मळवटाला ते कुठून पुरणार? बायकांनी डबीची कडसुद्धा बोटाने पुसून घेतली. मळवट फिकट भरला, पण सगळा घरच्याच कुंकवाचा भरला. मी मास्तर माणूस, चारचौघांत रडत नाही. त्या दिवशी रडलो.

नदीवर साडू ओल्या पंच्याने, उघड्या अंगाने खांद्यावर मडकं घेऊन चालले, तेव्हा त्यांची पाठ सगळ्यांनी पाहिली. दोनच दिवसांपूर्वी ताईंनी आखलेले चौकोन तसेच होते. पट्ट्या आंघोळीत निघून गेल्या होत्या, निकाल कुणी वाचलाच नव्हता. एक ते दहा आकडे, सात वाकडा. भावकीतला एकजण टॉवेल घेऊन पुढे झाला, “बरं दिसत न्हाय, पुसून टाकतो,” म्हणाला. मी त्याचा हात धरला.

त्यानंतर साडूंनी पाठीला काही लावलं नाही. प्रोसेस सोडली. मी अजून अधूनमधून रविवारी जातो. चहा ते स्वतः करतात, त्या वाणाच्या गाळण्याने गाळायचे, ते तुटल्यावर दुसऱ्याने. निळ्याची, उंदरांची, पडघ्याच्या पूजेची गोष्ट निघते. मी उठायला लागलो की ते भिंतीकडे तोंड करतात, सदरा वर धरतात आणि विचारतात, “जरा बघा हो साडूभाऊ, आकडे आहेत का अजून?” कातडी महिन्याभरात गळून नवी येते, हे मला शिकवणारा माणूस हाच. ती पाठ केव्हाच स्वच्छ झालीय, आता तर तिच्यावर सुरकुत्या पडल्यात. मी चष्मा पुसतो, जवळ जाऊन नीट बघतो.

“आहेत,” मी म्हणतो. “सात तेवढा जरा वाकडा वाटतो.”

“मणक्यावर येतो ना तो,” साडू म्हणतात, आणि सदरा खाली करतात.